पिशवी राखून गाठीवर उपचार

सोनोग्राफीच्या रिपोर्टाखाली 'इंट्राम्युरल फायब्रॉइड, ५.२ × ४.८ सेंमी' अशी ओळ छापून येते आणि घरात लगेच दोन प्रश्न उभे राहतात. कॅन्सर तर नाही ना? आणि पिशवी काढावी लागणार का? पहिल्याचं उत्तर जवळजवळ नेहमीच 'नाही' असतं. दुसऱ्याचं उत्तर गाठ कुठे आहे, केवढी आहे, बाईचं वय काय, तिला पुढे मूल हवं आहे का आणि मुळात तिला त्रास काय होतोय, यावर ठरायला हवं. प्रत्यक्षात ते पुष्कळदा जवळच्या दवाखान्यात कुठलं ऑपरेशन होतं, यावर ठरतं. म्हणून पिशवी न काढता या गाठींवर जे उपचार होतात, ते आतून नेमके कसे चालतात हे सावकाश पाहू. त्यातल्या एका उपचारावर मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण आपल्याकडे त्याच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

आधी या गाठीबद्दल, म्हणजे फायब्रॉइडबद्दल. गर्भाशयाची भिंत मुख्यतः स्नायूंची असते. त्या स्नायूतली एखादी पेशी नेहमीची शिस्त सोडून वाढू लागते आणि तिच्यापासून घट्ट, गोल, रबरासारखी लवचिक गाठ तयार होते. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोन्सवर ती पोसली जाते. म्हणूनच पाळी सुरू होण्याआधी ती सापडत नाही आणि पाळी कायमची गेल्यावर बहुतेक वेळा आपोआप आक्रसते. पन्नाशीपर्यंत बहुसंख्य स्त्रियांच्या गर्भाशयात अशी एखादी तरी गाठ झालेली असते. त्यातल्या कितीतरी जणींना ते जन्मभर कळतही नाही. दुसऱ्याच कशासाठी केलेल्या सोनोग्राफीत तीन सेंटिमीटरची गाठ दिसली आणि त्रास काहीच नसला, तर तिला काही करायचं नसतं. अधूनमधून तपासणी केली की झालं. हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगायला हवं आणि नाही सांगितलं तर आपण विचारायला हवं.

गाठीचा त्रास तिच्या आकारापेक्षा तिच्या जागेवर अवलंबून असतो. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराखाली असलेली, पोकळीत डोकावणारी गाठ जेमतेम दोन सेंटिमीटरची असली तरी पाळीत धो धो रक्तस्राव घडवते आणि गर्भ राहण्यातही अडथळा आणते. भिंतीच्या मधोमध असलेली गाठ पोकळीचा आकार बिघडवते, गर्भाशय मोठं करते. बाहेरच्या बाजूला वाढलेली गाठ आठ-नऊ सेंटिमीटरची होईपर्यंत गप्प बसू शकते. मग ती मूत्राशयावर दाब देते आणि रात्री चारदा उठावं लागतं, किंवा मागे दाबते आणि पोट साफ होत नाही. या जागांना डॉक्टर शून्य ते आठ असे क्रमांक देतात. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या फिगो या आंतरराष्ट्रीय संघटनेने ते ठरवले आहेत. आपल्या गाठीचा क्रमांक काय, हा प्रश्न अगदी विचारण्याजोगा आहे, कारण उपचाराची वाट बरीचशी तिथेच ठरते.

आपल्याकडे मात्र बाई डॉक्टरकडे पोचते तीच उशिरा. 'अंगावरून जरा जास्त जातं' असं ती सांगते, आणि रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सहा किंवा सात निघतं. जिना चढताना धाप लागते, पाय ओढल्यासारखे होतात, बोलता बोलता चिडचिड होते. हे सगळं वयामुळे किंवा कामामुळे असं घरचे समजतात आणि तीही समजते. पाळीत दर एक-दोन तासांनी पॅड बदलावं लागत असेल, रक्ताच्या मोठ्या गाठी पडत असतील, रक्तस्राव सात दिवसांवर जात असेल, तर ते 'असतंच बायकांचं' नव्हे. उपचार कोणताही ठरो, पहिलं काम रक्त भरून काढण्याचं. गोळ्या सोसत नसतील किंवा वेळ कमी असेल तर शिरेतून लोह देता येतं आणि काही आठवड्यांत हिमोग्लोबिन वर येतं. पाळीच्या दिवसांत घ्यायच्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या, गर्भाशयात बसवायची हार्मोनची कॉपर-टीसारखी दिसणारी वस्तू, काही महिन्यांपुरती गाठ लहान करणारी इंजेक्शनं, हे औषधोपचाराचे मार्गही आहेत. काहींचं तेवढ्यावर भागतं, विशेषतः पाळी जाण्याचं वय जवळ आलं असेल तर.

औषधांनी भागलं नाही तर पुढचा प्रश्न गाठीपर्यंत पोचायचं कसं. पोटावर मोठा छेद न देता तिथे जाण्याच्या वाटा मुख्यतः तीन: खालून योनीमार्गे, पोटावरच्या लहान छिद्रांतून आणि रक्तवाहिनीतून.

योनीमार्गाची वाट पोकळीत डोकावणाऱ्या गाठीसाठी. हिस्टेरोस्कोप नावाची बारीक दुर्बीण गर्भाशयाच्या तोंडातून आत घालतात. गर्भाशय आतून मिटलेलं असतं, म्हणून सलाइन सोडून ते फुगवतात आणि पडद्यावर बघत विजेच्या तारेच्या लहान कडीने गाठ पापुद्र्या-पापुद्र्याने खरवडून काढतात. अंगावर एकही टाका नसतो आणि बहुतेक वेळा बाई त्याच दिवशी घरी जाते. यातलं लक्ष ठेवायचं काम म्हणजे पाण्याचा हिशेब. आत सोडलेलं सलाइन आणि बाहेर आलेलं सलाइन यांतला फरक परिचारिका सतत मोजत असते. जे बाहेर आलं नाही ते रक्तात शोषलं गेलं. साधारण अडीच लिटरचा फरक झाला की गाठ उरली असली तरी थांबायचं आणि उरलेलं काम दुसऱ्या वेळी करायचं, असा दंडक आहे. हृदय नाजूक असेल तर त्याच्याही खूप आधी. गाठ मोठी किंवा भिंतीत खोल रुतलेली असली तर दोनदा यावं लागू शकतं, हे आधीच माहीत असलेलं बरं.

दुसरी वाट आपल्या ओळखीची, 'दुर्बिणीतून ऑपरेशन'. पूर्ण भूल देऊन पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, बेंबीपाशी एक आणि ओटीपोटावर दोन-तीन अशी अर्ध्या ते एक सेंटिमीटरची छिद्रं घेतात. गर्भाशयाच्या भिंतीत रक्तवाहिन्या आकुंचित करणारं औषध टोचतात, भिंतीला चीर देतात आणि गाठ तिच्या आवरणातून सोलून बाहेर काढतात. खरं कौशल्य त्यानंतरचं. उरलेला खड्डा थरांमध्ये, घट्ट शिवावा लागतो, कारण पुढे मूल राहिलं तर नऊ महिने ताण घेणार ती हीच भिंत. शिवण खोल असेल तर गर्भधारणेसाठी काही महिने थांबायला सांगतात आणि बाळंतपण सिझेरियनने करायचं ठरवतात. ज्यांना मूल हवं आहे त्यांच्यासाठी हा मार्ग आजही पहिल्या पसंतीचा आहे. गाठी नव्याने होऊ शकतात, ही त्याची मर्यादा.

या ऑपरेशनबद्दल एक गोष्ट रुग्णाने विचारलीच पाहिजे. आठ सेंटिमीटरची गाठ एका सेंटिमीटरच्या छिद्रातून बाहेर कशी येते? तिचे तुकडे करून. त्यासाठी मॉर्सेलेटर नावाचं फिरत्या पात्याचं यंत्र वापरतात. २०१३ मध्ये अमेरिकेत बोस्टनमध्ये ॲमी रीड या भूलतज्ज्ञ डॉक्टरच्याच पोटात असं यंत्र वापरलं गेलं. साधी समजलेली गाठ नंतर सार्कोमा, म्हणजे स्नायूचा कॅन्सर निघाली आणि तुकडे करताना तो पोटात पसरला. त्यांनी आणि त्यांच्या पतीने या यंत्राविरुद्ध मोठा लढा दिला. एप्रिल २०१४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या यंत्राच्या वापराविरुद्ध इशारा दिला. ॲमी रीड २०१७ मध्ये गेल्या. असा कॅन्सर फार दुर्मीळ आहे, पण तो आधीच्या तपासण्यांत खात्रीने ओळखता येत नाही. म्हणून गाठ आधी एका थैलीत बंद करून मग तिचे तुकडे करतात का, हे विचारून घ्यावं. चांगला सर्जन या प्रश्नाने दुखावत नाही.

आता रक्तवाहिनीची वाट, युटेराइन आर्टरी एम्बोलायझेशन. हिचा जन्म जवळजवळ अपघाताने झाला. बाळंतपणानंतर थांबत नसलेला रक्तस्राव गर्भाशयाच्या धमन्या आतून बंद करून थांबवायचं तंत्र १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात होतं. पॅरिसमध्ये झाक राव्हिना या स्त्रीरोगतज्ज्ञाने ते फायब्रॉइडच्या ऑपरेशनच्या आधी वापरायला घेतलं, ते ऑपरेशनच्या वेळी रक्त कमी जावं एवढ्यासाठीच. पण ऑपरेशनची तारीख येईपर्यंत काही स्त्रियांचा त्रासच कमी झाला. पाळी आटोक्यात आली, गाठी लहान झाल्या, ऑपरेशनची गरज उरली नाही. १९९५ मध्ये राव्हिना आणि सहकाऱ्यांनी सोळा रुग्णांचा अनुभव 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि पूर्वतयारी म्हणून केलेली गोष्ट स्वतंत्र उपचार झाली. नोव्हेंबर २००४ मध्ये कोंडोलिझा राइस यांनी हा उपचार करून घेतला. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्रिपदासाठी त्यांचं नाव त्याच आठवड्यात जाहीर झालं होतं. तेव्हा पुष्कळ लोकांनी या उपचाराचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

हे काम सर्जन करत नाही. इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट करतो, म्हणजे क्ष-किरणाच्या चित्रावर बघत शरीराच्या आत सुई-नळीने उपचार करणारा डॉक्टर. जागा ऑपरेशन थिएटरची नसते, अँजिओग्राफीच्या कॅथलॅबची असते. त्याआधी एमआरआय होतो. सोनोग्राफीत गाठ दिसते, पण एकूण गाठी किती, नेमक्या कुठे आणि त्यांना रक्तपुरवठा आहे की नाही हे एमआरआयमध्ये कळतं. ज्या गाठीचा रक्तपुरवठा आधीच संपला आहे तिची धमनी बंद करून काही साधत नाही. रक्तात हिमोग्लोबिन, गोठण्याची क्षमता आणि क्रिॲटिनिन बघतात, कारण धमन्या दिसण्यासाठी सोडलेला डाय मूत्रपिंडातून बाहेर पडतो. गर्भ नाही याची खात्री करतात. रक्तस्राव अनियमित असेल तर अस्तराचा तुकडा तपासून कॅन्सर नाही हे आधी बघून घेतात. ही पायरी कोणी गाळत असेल तर गाळू देऊ नये.

उपचाराच्या दिवशी बाई शुद्धीत असते. गुंगीचं औषध शिरेतून आणि सुईच्या जागी बधिरता, एवढंच. जांघेतल्या किंवा हल्ली डाव्या मनगटाच्या धमनीत सुई जाते. सुईतून तार, मग सुई बाहेर, आणि तारेवरून दीड-दोन मिलिमीटर जाडीची मऊ नळी आत. स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये सांगितलेली ही साधी युक्ती आज अँजिओप्लास्टीपासून डायलिसिसच्या नळीपर्यंत सगळीकडे वापरतात. पडद्यावर बघत डॉक्टर नळी ओटीपोटातल्या मोठ्या धमनीतून गर्भाशयाच्या धमनीच्या तोंडाशी आणतो. गर्भाशयाच्या कडेने वळणं घेत वर जाणारी ती धमनी फार नाजूक असते. तिला धक्का लागला तर ती आकसते आणि मग थांबून राहावं लागतं. म्हणून शेवटचा टप्पा त्याहून बारीक नळीने गाठतात. डाय सोडला की पडद्यावर गाठ काळ्या जाळीच्या गोळ्यासारखी उठून दिसते, कारण आजूबाजूच्या स्नायूपेक्षा तिच्याकडे कितीतरी जास्त रक्त वाहत असतं.

उपचाराचं मर्म याच फरकात आहे. आता नळीतून पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे किंवा जिलेटिनयुक्त ॲक्रिलिकचे कण सोडतात. त्यांचा आकार अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, बारीक रव्याच्या कणाएवढा. रक्ताचा जोर जिकडे, तिकडे कण जातात, म्हणजे गाठीकडे. तिच्याभोवतीचं रक्तवाहिन्यांचं जाळं भरत जातं आणि प्रवाह मंदावतो. डाय टाकल्यावर तो काही ठोके जागच्या जागी रेंगाळू लागला की डॉक्टर थांबतो. मग तीच नळी दुसऱ्या बाजूच्या धमनीत, कारण गाठीला रक्त दोन्हीकडून मिळतं आणि एकच बाजू बंद केली तर दुसरी ती जगवते. सगळं मिळून साधारण तासाभराचं, कधी दीड तासाचं काम. शेवटी नळी काढून छिद्रावर दाब देतात. टाका लागत नाही.

मग गर्भाशय कसं वाचतं? त्याला अंडाशयाकडून आणि योनीकडून येणाऱ्या इतर वाहिन्यांची रसद असते आणि ती लवकरच जागा भरून काढते. गाठीला तशी सोय नसते. तिच्या पेशी मरतात, ती हळूहळू सुकते आणि शरीर तिला आक्रसवून टाकतं. तीन ते सहा महिन्यांत तिचं आकारमान साधारण निम्म्यावर येतं. ती पूर्ण नाहीशी होत नाही. पण जास्तीचा रक्तस्राव बऱ्याचदा पहिल्या काही पाळ्यांतच कमी होतो, आणि दहातल्या आठ-नऊ जणींना चांगला आराम पडतो.

पहिली रात्र सोपी नसते, हे लपवून चालणार नाही. रक्त बंद झालेली गाठ दुखते, आणि पहिल्या बारा ते चोवीस तासांतली कळ प्रसूतीच्या कळांच्या जवळ जाऊ शकते. म्हणूनच बाईला रात्रभर ठेवून घेतात आणि शिरेतून वेदनाशामक चालू ठेवतात. काही ठिकाणी गर्भाशयाच्या मज्जातंतूंना आधीच बधिर करतात. वेदनेची काय व्यवस्था आहे हे उपचाराआधी ठरलेलं असावं. नंतर आठवडाभर अंग मोडून येणं, थोडा ताप, मळमळ, भूक न लागणं चालतं. एक-दोन आठवड्यांत बहुतेक जणी कामावर जातात. पण ताप पहिल्या आठवड्यानंतर नव्याने चढला, अंगावरून दुर्गंधीयुक्त स्राव जाऊ लागला किंवा पोटात पुन्हा जोराने दुखू लागलं, तर फोनवर गोळी विचारत बसू नये, सरळ रुग्णालयात जावं. मेलेल्या गाठीत जंतुसंसर्ग होऊ शकतो किंवा गाठीचा तुकडा गर्भाशयाच्या तोंडाशी अडकू शकतो. हे क्वचित घडतं, पण वेळ गेला तर जिवावर बेततं.

मर्यादाही स्पष्ट सांगतो. काही कण अंडाशयाकडे गेले तर पाळी कायमची थांबू शकते. पंचेचाळिशीच्या आत हा धोका थोडा असतो, त्यापुढे बराच वाढतो. ज्यांना पुढे मूल हवं आहे त्यांना हा उपचार सहसा पहिला सुचवत नाहीत. नंतर मुलं झालेल्या स्त्रिया आहेत, पण त्या बाबतीत गाठ सोलून काढण्याचं ऑपरेशन जास्त भरवशाचं मानतात. नेदरलँड्समधल्या 'एम्मी' या चाचणीत दहा वर्षं पाठपुरावा झाला. एम्बोलायझेशन झालेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश स्त्रियांना पिशवी काढावी लागली नाही. उरलेल्यांना कधी ना कधी काढावी लागली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या 'फेम' चाचणीत एम्बोलायझेशन आणि गाठ काढण्याचं ऑपरेशन यांची तुलना केली. दोन्हींनी आराम पडला, पण दोन वर्षांनी ऑपरेशन झालेल्यांचं जगणं अधिक सुधारलेलं दिसलं. माझ्या मते, मूल नको असलेल्या, मोठी भूल सोसणार नाही अशा किंवा अनेक गाठी असलेल्या चाळिशीतल्या बाईसमोर हा पर्याय ठेवलाच पाहिजे. तो घ्यायचा की नाही, हे मग तिने ठरवावं.

आणखी एक मार्ग म्हणजे एमआरआयच्या मार्गदर्शनाखाली अल्ट्रासाउंडच्या लहरी गाठीत एका बिंदूवर केंद्रित करून तिला उष्णतेने जाळणं. छेद नाही, सुई नाही, पण बाईला मशीनमध्ये तीन-चार तास पालथं पडून राहावं लागतं. लहरींच्या वाटेत आतडं किंवा जुन्या ऑपरेशनचा व्रण आला तर तो करता येत नाही. अमेरिकेत त्याला २००४ मध्ये परवानगी मिळाली. आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी होतो.

पिशवी काढणं चूक आहे, असं मी म्हणत नाही. गाठी खूप असतील, इतर उपचार हरले असतील, बाईचा निर्णय विचारपूर्वक असेल तर तेच योग्य, आणि तेही आता दुर्बिणीतून किंवा पोटाला छेद न देता योनीमार्गे होतं. अडचण तो एकच पर्याय सांगितला जातो तेव्हा आहे. 'मुलं झाली ना ताई, मग पिशवीचं काय काम? उद्या कॅन्सर झाला तर?' हे वाक्य महाराष्ट्रात किती जणींनी ऐकलं असेल! २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांच्या प्रश्नावर राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी आधीच्या दहा वर्षांत काढलेली आढळली. सगळ्यांना फायब्रॉइड होते असं नाही. कुणाला पांढरं जात होतं, कुणाला पोटदुखी होती, कुणाला पाळीमुळे खाडा होऊन दंड भरावा लागत होता. पण भीती तीच दाखवली गेली. पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर तिशी-पस्तिशीतच हाडं ठिसूळ होऊ लागतात, अंगातून वाफा येतात, झोप उडते, आणि ऊस तोडायला जाणाऱ्या बाईला याची कल्पना कोणी दिलेली नसते. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला.

एम्बोलायझेशनसाठी कॅथलॅब आणि प्रशिक्षित डॉक्टर लागतात. ते मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत मिळतात, तालुक्याला नाही. म्हणून तालुक्याच्या डॉक्टरने ते सुचवलं नाही, याचा अर्थ ते शक्यच नाही असा होत नाही. गाठ निघालेल्या बाईने सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि फिल्म स्वतःजवळ ठेवावी, मूळ कागद कुणाकडे सोडू नये. ऑपरेशनची तारीख ठरण्याआधी एका वेगळ्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे आणि शक्य झाल्यास इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टकडेही तो कागद दाखवावा. जाताना नवऱ्याला, बहिणीला किंवा मोठ्या लेकीला बरोबर न्यावं. एकटीला आठवत नाही ते दुसऱ्याला आठवतं. साध्या फायब्रॉइडच्या बाबतीत उद्याच्या उद्या ऑपरेशन करण्याची घाई क्वचितच असते, महिनाभर विचार करायला वेळ असतो. मात्र पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं किंवा त्या वयात गाठ वाढू लागली, तर दुसरं मत घेण्यात महिने घालवू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.